एकोणीस सेकंद

भोंगा सुरू झाला तेव्हा मी मगरिबची नमाज आटपून भात उतरवत होते. आमच्या ह्यांनी शेगडी बंद केली, माझा हात धरून मला तीन जिने खाली आणलं आणि तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या सामानखोलीत ढकललं. दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबला. मग कंपनीने दिलेला काळा रबरी मास्क माझ्या तोंडावर चढवला. रबराची कड उजव्या गालाला लागली मात्र, नाकाच्या पाळीपासून डोळ्याखालपर्यंत जळती तार ओढावी तसं झालं. मी मास्क उपटला आणि भिंतीवर फेकला.

"अगो, घाल तो. विषारी वायू आला तर मरशील," हे आपल्या मास्कच्या आतून ओरडले.

मरू दे, असं मी म्हणाले असते. बोलायलाही तोंड हलवावं लागतं, तेही होत नव्हतं. ते दुसऱ्यांदा मास्क घेऊन आले. मी त्यांच्या मनगटाला चावले. रक्त आलं. वरच्या मजल्यावरची जुबेदा आणि तिचा नवरा करीम कोपऱ्यात उकिडवे बसले होते. जुबेदा मास्कच्या आतूनच पुटपुटली, "ती नाय चावत, भाई. तिच्यात हाय तो चावतो." तेवढ्यात दूर कुठे तरी दणका झाला, छताचा चुना खाली आला.

त्या खोलीत पाचवी एक बाई होती. तिला मी आधी कधी जवळून पाहिलं नव्हतं. मास्क घालून तांदळाच्या गोणीवर बसली होती, छातीवर उलटं लटकवलेलं घड्याळ तिने हातात धरलं होतं आणि एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होती. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर तिने मास्क काढला. मला वाटलं, आता विचारेल की बरं आहे का. ती म्हणाली, "एकोणीस."

"काय एकोणीस?"

"सेकंद. पहिल्यांदा एकोणीस, दुसऱ्यांदा बारा. मध्ये काहीच नाही. बरोबर का?"

माझा जीव चालला होता आणि ही बाई मोजत बसली होती. मी तिला म्हटलं, मर जा. ती म्हणाली, "मरते की. पण आधी सांगा, बरोबर का?"

बरोबर होतं. मी सांगितलं नाही.

ही सिस्टर मार्था कांबळे. मिरजेची. आखातात, खोबरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका पॉलिक्लिनिकच्या चार नर्सा राहायच्या, त्यातली एक. बुटकी, काळी, पाय किंचित बाकदार, आणि चालणं असं की पुढच्या माणसाने बाजूला व्हावं. अख्खी गल्ली तिला मल्याळी समजायची. कुणी तिच्याशी मल्याळीत बोललं की ती मराठीत शिवी द्यायची आणि हिंदीत सांगायची, "मैं मिरज की है." मिरजेच्या ज्या इस्पितळात ती शिकली त्याचा तिला इतका तोरा होता, जसं काही ते तिच्या बापाने बांधलं होतं. लढाईचं वारं सुटलं तशा बाकीच्या तिघी रियाधला पळाल्या. ही राहिली. लोक म्हणायचे, काय धाडस. धाडसबिडस काही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याच्या मोरीत आंघोळ करण्यापरीस इथं मेलेलं बरं."

तिला कुणाचीच कदर नव्हती. पेशंटची नाही, पेशंटच्या माणसांची तर नाहीच. "नातेवाइकांसाठी वेगळा वॉर्ड पाहिजे," असं म्हणायची. कुणी म्हटलं, सिस्टर, खूप दुखतंय, की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "खूप हा आकडा नाही." आणि कुणी सुरू केलं की काल आम्ही अमक्याकडे गेलो, तिथे थंड पाणी प्यालो, मग रात्री असं झालं, तर ती हात वर करायची. "गोष्ट नको. जागा सांगा, वेळ सांगा." डॉक्टरांविषयी ती जे बोलायची ते सगळं लिहिता येणार नाही. लिहिता येण्यासारखं एवढंच, की डॉक्टरला जे सापडत नाही त्याला तो टेन्शन म्हणतो.

माझं दुखणं तसंच टेन्शन ठरलं होतं. कुवेत गेलं त्या आठवड्यात ते पहिल्यांदा आलं. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि वरच्या दाढेत वीज पडली. पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना. मग नाक शिंकरताना. मग एसीचा गार झोत गालावर आला तरी. एक झटका, दोन झटके, आणि नंतर असं साफ, की मलाच वाटावं, मी खोटं बोलत होते की काय. कुवेत गेलं आणि माझी दाढ दुखली ती एकाच आठवड्यात, म्हणून सगळ्यांनी दोन्हींची गाठ मारली. पॉलिक्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरने माझं नाव विचारलं, नवरा काय करतो ते विचारलं, मुलं कुठे आहेत ते विचारलं. मुलं गावाला सासूजवळ आहेत म्हटल्यावर त्याला उत्तर सापडलं. लढाई, मुलं दूर, टेन्शन. झोपेच्या गोळ्या दिल्या. मी झोपले. उठून तोंड धुतलं आणि पुन्हा वीज.

मग दाताचा डॉक्टर. दुकानावर माणसाएवढा दात रंगवलेला होता. त्याने दाढ ठोकून पाहिली. मी किंचाळले. तो खूश झाला. दाढ काढली. त्यानंतर अकरा दिवस काही झालं नाही, तर आमचे हे त्याची तारीफ कंपनीच्या अख्ख्या कॅम्पात करून आले. बाराव्या दिवशी परत. मग त्याने सांगितलं की दोष शेजारच्या दाढेत आहे. तीही काढली. दोन्ही दाढा मी घरी आणून धुऊन पाहिल्या. एकाही दाढेला कीड नव्हती, नारळाच्या कातळीसारख्या पांढऱ्या होत्या. मी चौथी शिकलेली बाई, मला ते दिसलं. त्याला दिसलं नाही. तिसऱ्या दाढेसाठी त्याने पुढच्या महिन्यातला शनिवार दिला होता.

आणि जुबेदा. ती आमच्याच बाजूची, दाभोळजवळची, मनाने वाईट नव्हती, पण डोकं वापरायची तिला सवय नव्हती. तिने पाहिलं की वजू करायला बसले की मला झटका येतो. पाच वेळच्या नमाजेला पाच वेळा. एरवी गप्पा मारते, जेवण करते, आणि नमाजेसाठी तोंडाला पाणी लावलं की तडफडते. याचा अर्थ तिच्या मते एकच होता. ती जमजमच्या पाण्याची बाटली घेऊन आली, त्यावर पढून फुंकर मारली आणि काही न सांगता ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं. मी जमिनीवर लोळले. जुबेदा दोन पावलं मागे सरली आणि करीमला म्हणाली, "बघा. सोसवत नाय त्याला." त्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या बायका माझ्याशी दारातूनच बोलायच्या. मी नमाज सोडली नाही, पण वजू करायला भ्यायला लागले. पाण्याला नव्हे, गालाला. बायकांना दोन्ही एकच वाटलं.

आमच्या ह्यांनाही शेवटी शेवटी तसंच वाटायला लागलं होतं. बोलले नाहीत. पण रात्री माझ्याकडे पाठ करून झोपणारा माणूस तोंडावर ब्लँकेट घेऊन झोपायला लागला तर बायकोला कळतं.

मास्कच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आमच्या दारात. हातात बादली आणि तांब्या. पाणी आमच्याकडे नळाला होतंच, बादली कशाला आणली ते मला कळलं नाही. बसली नाही. उभ्यानेच माझ्या आमटीची चव घेतली, मीठ जास्त आहे म्हणाली आणि म्हणाली, "वजू करा."

मी म्हटलं, असरच्या नमाजेला अजून वेळ आहे.

"मला नमाज नको. वजू पाहिजे. एकेक करून. मी सांगेन तेव्हा थांबायचं."

ख्रिस्ती बाई, समोर वजू करायला सांगते. जुबेदा जिन्यात उभी राहून ऐकत होती, तिने तोबा तोबा केलं. सिस्टरने दार तिच्या तोंडावर लावलं.

मी बसले. मनगटापर्यंत हात धुतले. "काय?" काही नाही. चूळ भरली. पाणी वरच्या हिरडीला लागलं आणि झटका आला. सिस्टर घड्याळ धरून होती. "चौदा." थांबवलं, वाट पाहिली. मग नाकात पाणी. पुन्हा झटका, अकरा. मग तोंड. तिने सांगितलं, आधी फक्त कपाळ. ओल्या हाताने कपाळ पुसलं. काही नाही. हनुवटी. काही नाही. डावा गाल. काही नाही. उजवा गाल म्हटल्यावर माझा हात हवेत थांबला. तिने आग्रह केला नाही. "असू द्या. ते मला माहीत आहे." पुढे कोपरापर्यंत हात. डोक्यावरून ओला हात फिरवला. कान. मान. पाय. कुठेच काही नाही.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर एक तोंड काढलं. चित्र असं वाईट की हसू यावं. मग उजव्या बाजूला, नाकाच्या पाळीपासून गालावरून डोळ्याखालपर्यंत आणि वरच्या ओठापर्यंत पेनाने रेघा मारल्या. म्हणाली, "तोंडाला प्रत्येक बाजूला एक नस असते. तिला तीन फांद्या. एक कपाळाला, एक गालाला, एक खालच्या जबड्याला. तुमची मधली फांदी बिघडली आहे. शैतानाला तीन फांद्यांतली एकच निवडता येत नाही. त्याला तेवढी ॲनाटॉमी येत नाही."

मी विचारलं, मग दाढा?

"चांगल्या होत्या."

एवढंच. हळहळ नाही, काही नाही. मला तिचा असा राग आला की मी तिला जा म्हटलं. ती दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली की मिरजेला ती नवीन असताना एक मास्तर यायचे. अर्धी दाढी करून यायचे. उजवी बाजू गुळगुळीत, डावी वाढलेली. पोरी हसायच्या, तीही हसायची. मास्तरांचे डावीकडचे सगळे दात एकेक करून काढून झाले होते. ते सांगत राहायचे, बाई, क्षणभरच येतं. क्षणभर येणाऱ्या दुखण्याला कुणी खाट देत नाही. एका सकाळी ते शाळेच्या विहिरीत सापडले.

"तेव्हा मी मोजलं नव्हतं," ती म्हणाली. "बादली संध्याकाळी न्यायला येते."

त्या आजाराचं नाव तिने मला कॅलेंडरवर मराठी अक्षरांत लिहून दिलं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मी ते आजही अडखळत वाचते.

आता तिने काय केलं ते ऐका. शहाणी असती तर मला गुपचूप दुसरीकडे पाठवलं असतं. तिने तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये, भरल्या बाकांसमोर, मोठ्या डॉक्टरला जाऊन सांगितलं की ही बाई टेन्शनची नाही, दाताचीही नाही, नसेची आहे. त्याने तिला विचारलं की तुम्ही एमबीबीएस कुठून केलं. बाकांवरचे लोक हसले. संध्याकाळी कफीलने, म्हणजे जो तिचा व्हिसा धरून होता त्या मालकाने, बोलावलं. आणखी एकदा डॉक्टरच्या कामात तोंड घातलं तर खलास, पासपोर्टवर शेवटचा शिक्का आणि विमान. घरी तिची म्हातारी आई होती आणि भावाच्या तीन पोरी हिच्यावर शिकत होत्या. ती हे सगळं माझ्या ताटातल्या सुरमईचे काटे काढत सांगत होती. मी म्हटलं, गप्प बसायचं ना. अक्कल आहे की नाही?

"बोलायला नको होतं," ती म्हणाली. "लिहायला पाहिजे होतं."

दम्मामला सरकारी इस्पितळात नसांचा डॉक्टर बसायचा. त्याच्याकडे जायला क्लिनिकच्या डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी लागायची. सिस्टरने चिठ्ठी स्वतः लिहिली आणि सहीच्या गठ्ठ्यात मध्ये सरकवली. डॉक्टरने सही केली. "न वाचता सही करणं, हे एकच काम तो नेमाने करतो." ती हसत होती. मला हसू आलं नाही. ती चिठ्ठी उघडकीस आली असती तर सिस्टर गेली असती, आणि माझी तिसरी दाढही गेली असती.

मग तिने माझं पाठांतर घेतलं. शाळेत बाईंनी घेतलं नव्हतं असं. उजवा गाल, नाकाची पाळी, वरची हिरडी. विजेसारखं. वीस सेकंदांच्या आत. पाण्याने, वाऱ्याने, घासाने, बोलण्याने. मध्ये काही नाही. झोपेत नाही. एवढंच आणि याच क्रमाने. कुवेत नाही, मुलं नाहीत, जुबेदा नाही, दाढा विचारल्या तरच. डॉक्टर सुदानी होता, अरबी आणि इंग्रजी बोलणारा, म्हणून आमचे हे दुभाषे. त्यांनाही तिने उभं करून म्हणवून घेतलं. हे फिटर माणूस, हाताखाली वीस लोक, आणि पोरासारखे हात मागे बांधून म्हणत होते. चुकले की ती म्हणायची, "परत. पहिल्यापासून."

दम्मामला वाटेत तीन ठिकाणी लष्कराने गाडी थांबवली. मी खिडकी लावून, ओढणीच्या आत गालापासून कापड लांब धरून बसले होते. शिपायाने आत डोकावून विचारलं, ही बाई ओढणी अशी धरून का बसली आहे. ह्यांनी काय सांगितलं कोण जाणे, त्याने सोडलं.

डॉक्टर उंच, शांत, हळू बोलणारा. आमच्या ह्यांनी खुर्चीवर बसता बसता सुरुवात केली, "डॉक्टर, कुवेत वॉर..." मी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली. मग त्यांनी सगळं क्रमाने म्हटलं. डॉक्टरने लिहिलं. मला म्हणाला, कुठे ते दाखवा. मी बोट गालापासून तांदळाच्या दाण्याएवढं लांब धरून, हवेतच रेघ ओढून दाखवली. त्याने लिहिणं थांबवलं. ह्यांना सांगितलं की दाताचं दुखणं असणारा माणूस गाल दाबून दाखवतो, हे दुखणं असणारा हात लावत नाही. मग कापसाच्या तंतूने कपाळ, हनुवटी, डावी बाजू तपासली, डोळ्याची पापणी मिटते का पाहिलं, आणि उजव्या गालाला हात न लावता म्हणाला, ठीक आहे. डोक्याचा फोटो काढायला पाठवलं, आत गाठबीठ नसेला दाबत नाही ना ते बघायला. गाठ नव्हती.

त्याने जी गोळी दिली ती मिरगीची. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, तुझ्या माहेरी कुणाला मिरगी होती काय? मी म्हटलं, माझ्या माहेरी कुणाला तुमच्यासारखा नवरा नव्हता. सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली की नसेला कळत नाही गोळीच्या डबीवर काय लिहिलंय.

गोळीने आधी मला आडवं केलं. भिंती धरून चालायचे. एकदा भाताच्या टोपावर पडले, हात भाजला. सिस्टरकडे गेले तर ती म्हणाली, "चक्कर येते म्हणजे आत पोचतेय. उठताना सावकाश उठा." हे आधी सांगितलं असतं तर भात वाचला असता. नाही सांगितलं. तिच्या लेखी मी एक गाल होते, गालाला जोडलेली बाई तिने हिशेबात धरलीच नव्हती.

पाचव्या दिवशी पहाटे, फजरला मी चूळ भरली. काही नाही. नाकात पाणी घेतलं. काही नाही. दोन्ही ओंजळींनी तोंड धुतलं. तीनदा धुवायचं असतं. मी चौथ्यांदाही धुतलं.

दाताच्या डॉक्टरचा शनिवार आला आणि गेला.

त्याच सुमारास सुदानी डॉक्टरचं पत्र क्लिनिकला आलं. सिस्टरच्याच हाती पडलं, पण तिने ते दडपलं नाही, सरळ मोठ्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, झालं, चाललीस तू मिरजेला. पत्रात लिहिलं होतं की आपण हा आजार अचूक ओळखून पेशंटला वेळेवर पाठवलंत, याबद्दल आपलं अभिनंदन. डॉक्टरने ते दोनदा वाचलं. सही त्याचीच होती. मी ओळखलं नव्हतं असं म्हणावं तर अभिनंदन जातं. त्याने ते पत्र काचेखाली लावलं आणि त्या आठवड्यात जो येईल त्याला सांगायला लागला की हा आजार ओळखायला नजर लागते. सिस्टरला कुणी काही बोललं नाही. "बघा," ती मला म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी बरा केलेला हा एकच डॉक्टर."

जुबेदाचं म्हणणं मात्र बदललं नाही. ती सांगत राहिली की जमजमचा असर उशिरा होतो. मी तिच्याशी भांडले नाही. तिने तेवढं तरी माझ्या दारात येऊन, आत बसून सांगितलं.

आणि भोंगा परत झालाच. पुन्हा संध्याकाळी. आम्ही पाचही जण खाली. हे माझा मास्क हातात घेऊन उभे राहिले, जवळ यायची हिंमत होईना. मनगटावर माझ्या दातांचे वण होतेच. मी मास्क त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः घातला. पट्टा ओढला. रबर गालाला घट्ट बसलं, घाम आला, वास आला. वीज आली नाही. मी मनात मोजायला लागले. एकोणीस झाले. शंभर झाले. तीनशेनंतर मोजायचं सोडलं.

मी सिस्टरकडे पाहिलं. म्हटलं, बघेल तरी. ती गोणीवर भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवसापासून दोन पाळ्या केल्या होत्या. मास्कच्या आत घोरत होती, आणि प्रत्येक घोरण्यासरशी गाळणीतून शिट्टी वाजत होती. बाहेर आकाश फुटत होतं. करीम कलमा पढत होता. मला तिला लाथ मारून उठवावंसं वाटलं. तासाभराने भोंगा झाला तेव्हा ती उठली, मास्क काढला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या रक्त तपासायला या. या गोळीवर लिव्हर बघावं लागतं."

विषारी वायू शेवटपर्यंत आला नाही. लढाई संपल्यावर कंपनीचा माणूस मास्क परत न्यायला आला, त्याने आमचे दोन्ही मास्क उघडले आणि आत बघून हसला. गाळण्यांची मुदत कधीच संपलेली होती. वायू आला असता तर त्या मास्कांनी आम्हाला काय वाचवलं असतं, ते त्याने हाताने दाखवलं. मी ते सिस्टरला सांगितलं. तिला वाटलं मी तक्रार करतेय. "मग काय झालं," ती म्हणाली, "तो घातला म्हणून तुमचा आजार सापडला. नाहीतर मी तुम्हाला कशाला बघितलं असतं?"

खरं होतं. एकाच फाटकातून आम्ही दोन वर्षं ये-जा केली होती.

पुढल्या वर्षी तिचा करार संपला. जायच्या दिवशी मी कामात असताना दार वाजलं. बाहेर तिची बादली आणि तांब्या ठेवलेला, ती खाली टॅक्सीत बसत होती. मी गॅलरीतून हाक मारली. तिने वर पाहिलं आणि गालावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, नाही. तिने दार ओढून घेतलं. आम्ही गावी परतल्यावर दर वर्षी एक पत्र यायचं. कसे आहात नाही, काही नाही. गोळी किती? झटके किती? लिव्हर केव्हा पाहिलं? मी आकडे लिहून पाठवायचे. एका वर्षी मी लिहिलं की यंदा पाऊस फार आहे आणि थोरल्याचं लग्न ठरलं. तिचं उत्तर आलं, "आकडे राहिले."

मग एका वर्षी पत्र आलं नाही. तिच्या भाचीचं आलं. आत्या झोपेत गेली, त्रास झाला नाही. किती वाजता, ते भाचीने लिहिलं नव्हतं.

त्या सामानखोलीत आम्ही पाच जण होतो. लढाईत पाचही जगलो. त्यानंतर करीम गेला, आमचे हे गेले, सिस्टर गेली, मागच्या रमजानमध्ये जुबेदा गेली. मी आहे. तिसरी दाढही आहे.